ट्रक एकाच्या हातात, जबाबदारी साऱ्या घराची

दहावी-बारावीचे निकाल लागले की शाळेत पालकांची गर्दी होते. त्यांतले काहीजण कॉलेजचा फॉर्म विचारायला आलेले नसतात. बाकीचे निघून जाईपर्यंत ते थांबतात आणि मग हळू आवाजात विचारतात, "मुलगा पुढे शिकायला तयार नाही. मामूच्या ट्रकवर जातो म्हणतो. पाठवू का?" विचारणाऱ्या बहुधा माताच असतात, आणि आवाज हळू असतो तो शरमेमुळे.

शरमेचे काही कारण नाही. आपल्या घरातले गहू-तांदूळ, दवाखान्यातली औषधे, मुलांची क्रमिक पुस्तके, ईदच्या शेवया हे सारे कुणीतरी रात्रभर जागून ट्रकने आणलेले असते. ही हलाल मेहनतीची रोजी आहे आणि तिला हुनर लागतो. काळजी मात्र खरी आहे. ट्रक चालवायला वर्ष-दोन वर्षांत येतो, पण वीस-पंचवीस वर्षे शरीराने, अब्रूने आणि पैशाने टिकून राहणारे ड्रायव्हर थोडे असतात. म्हणून अशा पालकांना आम्ही 'हो' किंवा 'नाही' सांगण्याआधी तीन गोष्टी विचारतो. मुलाचे वय काय? परवाना कोणता आहे? आणि तो दिवसा झोपणार कुठे?

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे मिळतात. तिसरा ऐकून माणसे आमच्याकडे पाहतच राहतात. पण आमच्या मते सगळ्यांत मोठा प्रश्न तोच आहे.

काम लांब गेले, घर तिथेच राहिले

आपल्या वाडवडिलांच्या काळी या शहरात मालाची वाहतूक घराजवळ होती. गोदीतून निघालेला माल दाणाबंदर, चिंचबंदर, मशीद बंदरच्या वखारींत उतरायचा. लालबाग-परळच्या गिरण्यांत कापूस जायचा आणि कापडाच्या गाठी बाहेर पडायच्या. भायखळ्याचा किंवा परळचा ड्रायव्हर गाडी लावून पायी घरी येऊ शकत असे.

मग एकेक गोष्ट बदलत गेली. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि त्यानंतर गिरणगाव पुन्हा पहिल्यासारखा उभा राहिला नाही. धान्य, मसाला, कांदा-बटाटा, फळे यांचे घाऊक बाजार टप्प्याटप्प्याने वाशीला गेले. १९८९ मध्ये न्हावा शेवाचे जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले आणि कंटेनर तिकडे वळले. मोठी गोदामे भिवंडीच्या परिसरात उभी राहिली, लोखंडाचा बाजार कळंबोलीला गेला. आज ड्रायव्हरचे घर लालबागच्या चाळीत असते आणि ट्रक तीस-चाळीस किलोमीटर दूर उभा असतो. ड्युटी सुरू होण्याआधीच दीड-दोन तास लोकल आणि बसमध्ये जातात.

१२ जानेवारी २०२४ रोजी शिवडी ते न्हावा शेवा हा सुमारे २२ किलोमीटरचा अटल सेतू सुरू झाला, तेव्हा अनेकांना वाटले की आता अंतर मिटले. मोटारींसाठी ते मिटले. ट्रक मात्र शिवडीला उतरून पूर्व मुक्त मार्गावर जाऊ शकत नाही. त्याला गाडी अड्ड्याच्या बाजूने बंदराच्या रस्त्याला लागावे लागते. शिवाय दक्षिण मुंबईत अवजड गाड्यांवर दिवसा निर्बंध असतात. म्हणून शहरात माल आणायचा किंवा शहरातून न्यायचा, तर ते काम मुख्यतः रात्रीचे. शहर झोपते तेव्हा ड्रायव्हर जागतो, शहर उठते तेव्हा तो घरी येतो. मुलाला या धंद्यात पाठवताना घराने ही गोष्ट आधी समजून घेतली पाहिजे.

वय आणि कागद

आता कायद्याचे पाहू. मोटार वाहन कायदा १९८८ चा आहे. त्याप्रमाणे ट्रकसारखे व्यवसायाचे वाहन चालवण्यासाठी वयाची २० वर्षे पूर्ण व्हावी लागतात. त्याआधी हलक्या वाहनाचा परवाना काढून त्याला किमान एक वर्ष झालेले असावे लागते. मग व्यावसायिक वाहनाचा शिकाऊ परवाना, मान्यताप्राप्त मोटार ड्रायव्हिंग स्कूलचा दाखला, डॉक्टरांचे वैद्यकीय प्रमाणपत्र आणि आरटीओची चाचणी. गिरगाव, लालबाग, परळ, दादर या भागाचे कार्यालय ताडदेवला आहे. केंद्र सरकारच्या नियमांत मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्रांचीही सोय आहे. तिथे अवजड वाहनाचा अभ्यासक्रम सहा आठवड्यांत ३८ तासांचा असतो.

म्हणजे दहावी झालेल्या सोळा वर्षांच्या मुलाच्या हाती चार वर्षे आहेत. ही चार वर्षे क्लीनर म्हणून घालवायची नाहीत. अठरा वर्षांखालचा मुलगा गाडी चालवताना सापडला, तर २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणे पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी वर्षभरासाठी रद्द होते, आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत शिकाऊ परवानासुद्धा मिळत नाही. "उस्तादने रात्री मोकळ्या रस्त्यावर थोडी चालवायला दिली" एवढ्या हौसेपायी मुलाचा धंदा सुरू होण्याआधीच सात-आठ वर्षे बंद पडतो.

या चार वर्षांत काय करावे? आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिक किंवा मोटार मेकॅनिकचा कोर्स करावा. आजचे ट्रक जुन्या ट्रकसारखे राहिलेले नाहीत. एप्रिल २०२० पासून बीएस-६ गाड्या आल्या. त्यांतल्या बऱ्याच गाड्यांत डिझेलबरोबर, ड्रायव्हर मंडळी ज्याला 'युरिया' म्हणतात ते द्रावणही भरावे लागते, आणि गाडी काय बिघडले ते डॅशबोर्डवरच्या दिव्यांनी सांगते. ते दिवे वाचणारा मुलगा मालकाला हवा असतो.

पूर्वी अशा परवान्यासाठी आठवी उत्तीर्ण असण्याची अट होती. २०१९ मध्ये केंद्राने ती काढली. काही पालक त्याचा अर्थ 'आता शाळेची गरज नाही' असा घेतात. आमचा अनुभव उलटा आहे. पन्नास हजार रुपयांच्या वरचा माल राज्याबाहेर नेताना ई-वे बिल लागते. त्यावरचा गाडीचा नंबर चुकला तर गाडी नाक्यावर अडते. बिल्टी, वजनकाट्याची पावती, विम्याची पॉलिसी, मोबाइलवर आलेले चलान, सगळे कागदच आहेत. वाचता न येणारा ड्रायव्हर दुसऱ्याच्या भरवशावर सही करतो आणि त्याची किंमत तोच मोजतो. निदान बारावीपर्यंत शाळा सोडू नये.

तरुणांसाठी आणखी एक गोष्ट. ६ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने निकाल दिला की हलक्या वाहनाचा परवाना असणाऱ्याला एकूण वजन ७,५०० किलोपेक्षा कमी असलेले मालवाहू वाहन वेगळ्या नोंदीशिवाय चालवता येते. छोटा टेम्पो यात बसतो. एकदम मोठ्या ट्रकवर जाण्यापेक्षा वर्ष-दोन वर्षे शहरात टेम्पो चालवणे चांगले. मशीद बंदरच्या गल्लीत जो गाडी मागे घेऊ शकतो, तो कुठेही घेऊ शकतो. आणि तोवर मुलगा रोज घरी येतो. त्याला हे काम झेपते का, हे आई-वडिलांना डोळ्यांनी दिसते.

व्यावसायिक परवान्याची मुदत पाच वर्षांची असते. ती तारीख घरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. मुदत संपलेल्या परवान्यावर अपघात झाला, तर विमा कंपनी भरपाईची रक्कम मालकाकडून वसूल करू पाहते आणि मालक ड्रायव्हरला धरतो.

दहा बाय बाराची खोली आणि दिवसाची झोप

आता तिसरा प्रश्न. रात्री दहाला निघालेला ड्रायव्हर सकाळी आठ-नऊला घरी येतो. घर म्हणजे दहा बाय बाराची एक खोली. त्याच वेळी मुलांची शाळेची तयारी, नळाच्या पाण्याची घाई, कुकरच्या शिट्ट्या, शेजारचा टीव्ही. दुपारी कुणी पाहुणे येतात. "उठ, चाचा आलेत, सलाम कर" म्हणून त्याला उठवले जाते. मग कुणाचे काम, कुणाला दवाखान्यात नेणे. "दिवसभर घरीच तर आहे" असे सगळ्यांना वाटते. संध्याकाळी तो पुन्हा निघतो, तेव्हा त्याची तुकड्या-तुकड्यांची झोप जेमतेम तीन तास झालेली असते.

शास्त्रज्ञांनी हे मोजून पाहिले आहे. सलग १७ तास जागे असलेल्या माणसाचे लक्ष आणि हाताची चपळाई, रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी मंदावते. आपल्या देशात गाडी चालवण्यासाठी कायद्याची मर्यादा ०.०३ टक्के आहे. ज्या घरात दारूचा थेंबही चालत नाही, त्या घरातला मुलगा झोपेविना निघाला तर दारू प्यायलेल्यासारखाच ट्रक चालवतो. त्याचे नाव शराबी म्हणून कुणी घेणार नाही, पण समोरून येणाऱ्या रिक्षातल्या कुटुंबाला त्याने काय फरक पडतो?

पहाटे दोन ते सहा ही वेळ सगळ्यांत अवघड असते. त्या वेळी शरीर झोप मागतेच, मग माणूस कितीही पक्का असो. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या ट्रकमध्ये चार सेकंद डोळा लागला तर गाडी सुमारे ६५ मीटर जाते, आणि ते अंतर ती कुणी न चालवता जाते. बोरघाटात किंवा कसाऱ्याला एवढे अंतर पुरे आहे. चहा, तंबाखू, मोठ्याने गाणी हे उपाय पाच-दहा मिनिटांचे. गोळ्या घेऊन जागणे तर थेट विनाशाचा रस्ता. झोपेवर इलाज एकच, झोप. सुरक्षित जागी गाडी लावून वीस मिनिटे डोळे मिटणे हे चांगल्या ड्रायव्हरचे लक्षण आहे.

यात घर काय करू शकते? बरेच काही. एक, ड्रायव्हर घरी आल्यावर सलग सहा-सात तास कुणी हाक मारायची नाही, हा नियम सासू-सुनेपासून लहान मुलांपर्यंत सर्वांनी पाळायचा. दोन, खिडकीला जाड गडद पडदा आणि कानात कापूस. खर्च शंभर-दोनशे रुपयांचा. तीन, खोलीत ते जमतच नसेल तर जवळच्या नातेवाइकाकडे, ज्यांची मुले शाळेत आणि मोठी माणसे कामावर असतात, तिथे दुपारची सोय करायची. लालबाग-परळमध्ये अशा रिकाम्या खोल्या दिवसा असतात, फक्त संकोच सोडून विचारावे लागते. चार, त्याचा मोबाइल त्या वेळी आईने किंवा बायकोने सांभाळायचा. मालकाचा फोन आला तर "झोपले आहेत, चार वाजता फोन करतील" असे स्पष्ट सांगायचे.

आमचा एक जुना विद्यार्थी गेली काही वर्षे भिवंडीहून रात्री गाडी काढतो. त्याच्या अम्मी सकाळी दाराबाहेर त्याच्या चपला उलट्या ठेवतात. मजल्यावरच्या मुलांना ती खूण माहीत झाली आहे. उलट्या चपला दिसल्या की व्हरांड्यातला क्रिकेटचा खेळ खाली जातो. चाळीत जागा नसते हे खरे, पण चाळीत शेजार असतो, आणि त्याचा असा उपयोग होतो.

रमजानबद्दल दोन शब्द. लांबच्या खेपेवरचा ड्रायव्हर मुसाफिर असतो आणि मुसाफिराला रोजा नंतर पुरा करण्याची सवलत आहे. ती न घेता, सहरी-तरावीहमुळे झोप मोडलेली असताना भर दुपारी घाट चढणे हे कुणाच्याच हिताचे नाही. याबाबत आपल्या मशिदीच्या इमामसाहेबांशी बोलावे. पण "लोक काय म्हणतील" या भीतीने त्याच्यावर दडपण आणू नये.

हिशेबाची वही

या धंद्यात पगार क्वचितच सरळ असतो. काही पगार, काही खेपेप्रमाणे भत्ता, आणि मध्ये मध्ये उचल. ही उचल ड्रायव्हरला बांधून टाकते. लग्नासाठी, आजारपणासाठी घेतलेली उचल फिटत नाही, आणि ती फिटत नाही तोवर थकलेला असतानाही तो खेपेला 'नाही' म्हणू शकत नाही. म्हणून घरात एक वही ठेवा. तारीख, कुठून कुठे, भत्ता किती मिळाला, उचल किती, किती तास चालवली, किती तास झोपला. पत्नी किंवा शाळकरी मुलगीही ही वही लिहू शकते.

कामावर राहण्याआधी मालकाला चार गोष्टी विचाराव्यात. चलान कोण भरणार? ओव्हरलोड माल भरायला सांगणार का? (जादा वजनाला २०,००० रुपये आणि वर प्रत्येक टनामागे २,००० रुपये दंड आहे.) विम्याच्या पॉलिसीत पगारी ड्रायव्हरची जबाबदारी धरली आहे का? गाडीचे पासिंग, पीयूसी आणि परमिट चालू आहे का? विचारल्यावर राग येणारा मालक असेल, तर ती नोकरी न मिळालेलीच बरी. कामावर असताना ड्रायव्हरला इजा किंवा मृत्यू झाला तर कायद्याने मालकावर भरपाईची जबाबदारी येते. पण त्याच्याकडे नोकरी होती याचा पुरावा लागतो. वही, बिल्टीच्या झेरॉक्स, बँकेत जमा झालेला पगार हे पुरावे आहेत. रोखीपेक्षा बँकेतून पगार मागा.

एक गोष्ट नेहमी आमच्या मनात येते. याच बाजारांत डोक्यावर ओझे वाहणाऱ्या माथाडींनी अण्णासाहेब पाटलांच्या नेतृत्वाखाली लढा दिला आणि १९६९ मध्ये महाराष्ट्राने त्यांच्यासाठी कायदा केला. माथाडी मंडळे झाली, प्रॉव्हिडंट फंड, ग्रॅच्युइटी आली. मोटार कामगारांसाठीही १९६१ मध्ये कायदा झाला होता. रोज आठ तास काम आणि पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती असे त्यात लिहिले होते. पण तो पाच किंवा अधिक कामगार असलेल्या धंद्यांसाठी होता, आणि आपले बहुतेक ट्रक एक-दोन गाड्यांच्या मालकांचे. ओझे उतरवणाऱ्याला मंडळ मिळाले, ओझे आणणारा एकटाच राहिला. म्हणून निदान ई-श्रमवर नाव नोंदवावे आणि भागातल्या ट्रक-टेम्पो ड्रायव्हरांच्या संघटनेत जावे.

दहा-बारा वर्षांनी स्वतःचा ट्रक घेण्याचे स्वप्न प्रत्येकाचे असते. ते जरूर पाहावे, पण वही पाहून. ट्रक उभा राहिला तरी हप्ता थांबत नाही. टायर, विमा, टोल, पासिंग (गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी), पावसाळ्यातले रिकामे दिवस हे सारे धरून सहा महिन्यांचा खर्च शिल्लक असेल तरच पाऊल टाकावे. मूळच्या नंदुरबारच्या योगिता रघुवंशी यांचे उदाहरण अनेकांनी वाचले असेल. त्यांच्याकडे वकिलीची पदवी होती. पतीच्या निधनानंतर दोन मुलांसाठी त्यांनी वाहतुकीचा धंदा हाती घेतला. ठेवलेला ड्रायव्हर अपघात करून ट्रक सोडून पळाला, तेव्हा त्या स्वतः ट्रक चालवायला शिकल्या. शिकलेल्या माणसासाठी हा धंदा नाही, हा समज त्यांच्याकडे पाहून तरी सोडावा.

अपघात झालाच तर

जानेवारी २०२४ मध्ये ट्रक ड्रायव्हरांनी देशभर संप केला. नव्या भारतीय न्याय संहितेत, जीवघेण्या अपघातानंतर खबर न देता पळून गेल्यास दहा वर्षांपर्यंत कैदेची तरतूद होती, तिला विरोध म्हणून. १ जुलै २०२४ ला संहिता लागू झाली तेव्हा ते कलम, १०६ (२), तूर्त बाजूला ठेवले गेले. पण जखमीला मदत करणे आणि पोलिसांना खबर देणे हे कर्तव्य मोटार वाहन कायद्यात आधीपासूनच आहे. जमाव मारायला धावला तर तिथे थांबावे असे कायदाही म्हणत नाही. अशा वेळी ११२ ला फोन करावा आणि जवळच्या पोलीस ठाण्यात हजर व्हावे. हे मुलाला पहिल्या खेपेआधीच घरात बसवून सांगा. अपघाताच्या क्षणी माणसाला सुचते ते आधी ऐकलेलेच. आणि त्याला हेही सांगा, "काहीही झाले तरी आधी घरी फोन कर, आम्ही रागावणार नाही." घराच्या भीतीने पळालेली मुले आम्ही पाहिली आहेत.

ज्यांच्या घरात ड्रायव्हर आहे किंवा होऊ घातला आहे, त्यांनी या महिन्यात एवढे करावे. परवान्यावरची तारीख पाहावी. त्याचे डोळे, साखर आणि रक्तदाब तपासून घ्यावा. एक वही आणावी. आणि खिडकीला जाड पडदा लावावा. पडद्यापासून सुरुवात केली तरी चालेल.